बाईंची चावी

"चावी," बाई म्हणाल्या.

"फोन," सर म्हणाले.

आणि शोरूममधल्या त्या विक्रेत्याने बाईंकडे मान वळवायचेही कष्ट न घेता ऑर्डरच्या कागदावर फोनपुढे खूण केली. झालं. निकाल लागला.

आता तुम्हीच सांगा. गाडी बाईंच्या नावावर. चालवणार बाई. सरांचं लायसन्स मागच्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत अडकलं ते काही सुटलं नाही, म्हणजे सर त्या गाडीत बसणार ते शेजारच्या सीटवर. तरी गाडी उघडायची कशाने, हे ठरवायला सर पुढे. विक्रेत्याने नीट समजावलं होतं, की या मॉडेलला दोन्हीपैकी एकच मिळतं. एक तर दोन रिमोट चाव्या, खिशात ठेवून जवळ गेलं की दार उघडतं. नाहीतर फोन. फोनमध्ये ॲप टाकायचं, फोन हीच चावी.

बाईंनी कारणही सांगितलं होतं. हवेत नाही बोलल्या. "अरे, मी पाण्यात काम करते. हात दिवसभर ओले. बोटं सुरकुतली की फोन मला ओळखतसुद्धा नाही. चावी असली की दोरीत ओवून गळ्यात घालीन, संपलं."

"चावी हरवते," सर म्हणाले. "फोन कुणी हरवत नाही."

याच सरांचा फोन आदल्या आठवड्यात भांड्यांच्या रॅकमध्ये, पातेल्याखाली सापडला होता. पण चारचौघांत नवऱ्याचं हसं करायची बाईंना सवय नव्हती, म्हणून त्या गप्प बसल्या. तिथेच चुकलं. माणसानं पहिल्याच दिवशी भांडून घ्यावं, नंतर ते भांडण महाग पडतं.

विक्रेता तरी काय करणार बिचारा! तोही सरांच्याच हाताखाली गाडी शिकलेला. निम्मं गाव सरांकडे शिकलं. सरांची ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आणि सरांच्या बाजूला असलेला तो दुसरा ब्रेक, यांच्यावर सगळ्यांची वर्षं गेली. आणि सर ज्याला त्याला त्याच्या चुकीवरून नाव द्यायचे. या पोराने शिकताना एक अख्खा क्लच जाळला, तर तो जन्माचा 'क्लच' झाला. आता केस पिकायला आले, टाय लावतो, तरी सरांनी "काय रे क्लच" म्हटलं की उभा राहतो. असा माणूस सरांच्या शब्दाबाहेर जाणार होय?

सरांनी एकाच माणसाला शिकवलं नाही, ते म्हणजे बायकोला. म्हणजे, चार दिवस शिकवलं. त्या चार दिवसांत बाईंनी जिथे वळायचं मनात आणलं तिथे सरांनी आपला ब्रेक दाबला. चौथ्या दिवशी भर चौकात बाई दार उघडून उतरल्या आणि चालत घरी आल्या. पुढे पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घातलं, गुपचूप शिकल्या आणि लायसन्स आणून टेबलावर ठेवलं. सर आठवडाभर बोलले नाहीत. धंद्यातल्या शत्रूकडे स्वतःची बायको गेली, म्हणजे नाक कापलंच की गावात!

बाईंचं शिकवणं वेगळं. त्या क्लबात पोहायला शिकवतात. तलावात उभं राहून माणसाच्या पाठीखाली हात धरायचा आणि त्याला न कळता तो हात काढून घ्यायचा, एवढीच त्यांची विद्या. तरंगलेल्या माणसाला कितीतरी वेळ वाटत असतं की बाईंचा हात आहे. लोक गमतीने म्हणायचे, एका घरात दोन मास्तर, सर आणि बाई, आणि दोघांत एकही विद्यार्थी नाही.

तर फोन. ॲप टाकताना क्लचने विचारलं, मुख्य फोन कुणाचा? सरांनी आपला पुढे केला. बाईंच्या फोनवर त्यांचं नाव आलं, त्याखाली लिहून आलं: दुसरा चालक. स्वतःच्या गाडीची दुसरी चालक! बाईंनी ते वाचलं आणि फोन पर्समध्ये टाकला. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत आणि सर आपले सारखे, "लेन बदलताना आरसा," "आरसा बघितलास का," "आरसा."

बाईंना वाटलं होतं, सर घरात बसले की तरी सुटका. कसली सुटका! सरांनी खिडकीजवळ आरामखुर्ची ओढली, फोन डोळ्यांपाशी धरला, अगदी नाकाला लावून, आणि सुरू झाले. मुख्य फोनवर सगळं कळतं. गाडी कुठे आहे, किती वेगाने आहे, दार कधी उघडलं, कधी बंद झालं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बाई भाजी घेऊन गाडीत बसल्या की फोन वाजायचा. "उड्डाणपुलावर जरा जास्तच होतीस." सकाळी तलावावरून निघाल्या की, "दार उघडून किती वेळ बसली होतीस? कोण होतं बरोबर?"

"कोण असणार? केस पुसत होते."

"गाडीत? सीट ओली होते."

मग सरांना ॲपमधलं आणखी एक बटण सापडलं. वेगाला वेसण घालायचं. त्यापुढे गाडी गेली की आत शिट्टी वाजते. नंतर तिसरं बटण सापडलं, ते सगळ्यात वाईट. दुसऱ्या चालकाला थांबवायचं. ते दाबलं की बाईंचा फोन म्हणजे नुसता फोन, चावी नाही. पहिल्यांदा सरांनी ते दाबलं तेव्हा बाहेर वारा सुटला होता. "झाडं पडतात," म्हणाले. दुसऱ्यांदा रस्त्याचं काम चालू होतं. तिसऱ्यांदा कारणच दिलं नाही. "आज नको," एवढंच.

बाईंनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात, नोकरीवाली, घाईतली. ती म्हणाली, "आई, बाबांना काळजी वाटते गं. राहू दे ना. नाहीतरी तू कुठे लांब जातेस?"

तळपायाची आग मस्तकात गेली बाईंच्या. "लांब जात नाही म्हणून कुणी बांधून ठेवायचं का मला? खुंट्याला बांधलेलं जनावरसुद्धा लांब जात नाही."

"तू पण ना! मी मीटिंगमध्ये आहे."

आणि नेमकी त्याच आठवड्यात लांब जायची वेळ आली.

शेजारच्या गावात नवा तलाव झाला होता. तिथल्या मॅनेजरबाईंनी आपल्या बाईंना बोलावून घेतलं. मुलांना शिकवणारे पुष्कळ मिळतात, त्या म्हणाल्या, पण आम्हाला मोठ्या माणसांचा वर्ग काढायचाय. पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांचा. बाईंच्या अंगावर काटाच आला आनंदाने. गेली कितीतरी वर्षं त्या आपल्या क्लबात हेच मागत होत्या आणि क्लबवाले हसत होते. पाण्याला भिणारं मोठं माणूस त्यांनी खूप पाहिलं होतं. नातवंडांना सोडायला येतं, बाकावर पाय वर घेऊन बसतं, आणि पाण्याकडे असं बघतं की बाईंचा जीव तुटायचा. अशा माणसांना एकदा, फक्त एकदा, पाठीवर निजून आभाळ बघता यावं, एवढीच बाईंची हौस. हौस म्हणा नाहीतर वेड म्हणा.

सोमवारी सकाळी सातला पहिला वर्ग. मॅनेजरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "वरच्या लोकांचा यावर विश्वास नाही. त्यांना ती वेळ स्पर्धेच्या मुलांना द्यायचीय. पहिला वर्ग नीट झाला पाहिजे, बाई."

बाईंनी रविवारी रात्री सरांना सगळं सांगितलं. एकदा नाही, दोनदा. सर "हं" म्हणाले. बाईंनी बॅग भरून दारात ठेवली.

सोमवारी त्या खाली उतरल्या, गाडीपाशी गेल्या, आणि दार उघडलं नाही. फोनवर लाल अक्षरं. परवानगी थांबवली आहे.

बाई जिना चढून वर आल्या. सर खिडकीशी उभे होते, बाहेर बघत.

"गाडी उघडा."

"धुकं बघितलंस का बाहेर?" सर म्हणाले. "अगं, समोरची पाण्याची टाकी दिसत नाही. अशा धुक्यात हायवेला? मी माझ्या विद्यार्थ्यालासुद्धा सोडलं नसतं."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. टाकी होती. लख्ख होती. तिच्यावरचा गंज दिसत होता, कठड्यावर बसलेली कबुतरं दिसत होती, एक पिसं साफ करत होतं तेही दिसत होतं. आभाळ धुतल्यासारखं.

"कुठंय धुकं?"

"तुला नाही कळत ते. मी पस्तीस वर्षं रस्त्यावर काढलीत. नऊनंतर विरेल, मग जा."

"सातला वर्ग आहे माझा! रात्री दोनदा सांगितलं!"

"त्यांना फोन करून सांग, उशीर होईल. माणसाच्या जिवापेक्षा वर्ग मोठा का?" आणि सरांनी फोन पायजम्याच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवला, लहान मूल खाऊवर ठेवतं तसा.

त्या हातावर झडप घालावी असं बाईंच्या मनात आलं. खोटं कशाला सांगायचं? आलं. या वयात नवराबायकोने फोनसाठी खिसे ओढायचे, हेच काय ते राहिलं होतं! त्यांनी बॅग उचलली आणि दार असं आपटलं की जिन्यात कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

बसथांब्यावर बस नाही. आली ती भरून आली. बाई दांड्याला लटकत उभ्या राहिल्या आणि दातओठ खात मॅनेजरबाईंना फोन लावला. "येतेय हो. थांबवून धरा लोकांना." दुसरी बस पकडायला धावल्या तेव्हा गुडघ्यात कळ आली. तशीच ती कळ घेऊन चढल्या. खिडकीतून हायवे दिसत होता, मोकळा, स्वच्छ, लांबवरचा पूलसुद्धा ओळखू येत होता. आणि मग त्यांच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. सर खोटं बोलत नव्हते. सरांना धुकं दिसत होतं. खरंच दिसत होतं. फोन नाकाला लावून बघतात ते उगाच नाही. डॉक्टरांनी थेंब दिलेत, सुधारतंय, असं सांगून हा माणूस गेलं वर्षभर घरात आंधळी कोशिंबीर खेळतोय, आणि स्वतःच्या डोळ्यांतलं धुकं खिडकीबाहेर आहे समजून जगाच्या गाड्या अडवतोय.

 कीव यायच्या आधी बाईंना रागच आला. सांगितलं का नाही मला? माझ्यापासून लपवायचं, आणि मलाच कोंडायचं?

तलावावर पोचल्या तेव्हा आठ वाजून गेले होते. पाणी अगदी शांत. कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. फरशीवर शॉवरखालून आलेल्या ओल्या पायांचे ठसे होते, पण पायऱ्यांपर्यंतच. पाण्यात कुणी उतरलेलं नव्हतं.

"गेले सगळे," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. "खूप धरलं मी त्यांना. चहा दिला. मुलांच्या मास्तरला म्हटलं, जरा वेळ घे यांना. तो मूर्ख शिट्टी वाजवून म्हणाला, चला, उड्या मारा. एक काका तर कपडे बदलून तसेच निघाले, सदऱ्याची बटणं रस्त्यात लावत. आणि एक आजी आल्या होत्या, सून घेऊन आली होती. त्या कपडे बदलायच्या खोलीतून बाहेरच आल्या नाहीत हो."

बाई खुर्चीत बसल्या.

"भ्यालेल्या माणसाला वाट बघायला लावू नये, बाई. तुम्हाला मी काय सांगणार? त्यांनी किती दिवस धीर गोळा केला असेल."

"पुन्हा बोलावते मी त्यांना. एकेकाला फोन करते. नंबर द्या."

"गुरुवारपर्यंत," मॅनेजरबाई म्हणाल्या. "गुरुवारी निदान पाच-सहा डोकी पाण्यात दिसली नाहीत तर वर्ग बंद. माझ्या हातात नाही ते."

बाईंनी नंबर घेतले. घरी नाही गेल्या. तडक शोरूममध्ये गेल्या. केस विस्कटलेले, हातात पोहण्याची बॅग, आणि चेहरा असा की दारातल्या माणसाने "काय पाहिजे" विचारायच्या आत वाट सोडली.

"क्लच!"

तो गिऱ्हाइकासमोर बसला होता. उठलाच.

"मला चावी दे. रिमोटची. दोन्ही. आणि तो फोन काढून टाक."

"बाई, असं एकदम... बसा ना. पाणी घ्या. सरांना एकदा विचारतो, लगेच फोन लाव..."

"गाडीच्या कागदावर नाव कुणाचं आहे?"

"तुमचंच आहे, पण..."

"वाच."

"बाई..."

"मोठ्याने वाच! या साहेबांनाही ऐकू दे. यांनाही गाडी घ्यायची असेल."

क्लचने संगणक उघडून मालकाचं नाव वाचलं. खालच्या आवाजात, पण वाचलं.

"त्यात सर कुठे आहेत?"

"नाहीत."

"मग सरांना कशाला विचारतोस? तुझं लग्न झालंय ना? बायकोच्या घराची कडी बाहेरून लावतोस का तू?"

गिऱ्हाईक खोकलं. क्लचचे कान लाल झाले. तो म्हणाला, चाव्या गाडीला जोडाव्या लागतात, गाडी समोर हवी. बाई म्हणाल्या, गाडी समोर आणता आली असती तर मी इथे बोंबलत आले असते का? तेव्हा कुठे त्याने शोरूमची व्हॅन काढली, मशीन घेतलं, चाव्यांचा डबा घेतला, आणि दोघं बाईंच्या इमारतीखाली आले.

काम म्हटलं तर एवढंसं. मशीन गाडीला जोडायचं, मालकाच्या, म्हणजे बाईंच्या, फोनवर आलेला आकडा टाकायचा, जुना फोन पुसायचा, चाव्या ओळखवायच्या.  पण वर सरांची खिडकी होती ना! क्लच सारखा वर बघत होता. दाराचं लॉक खट्ट झालं, दिवे दोनदा लुकलुकले, आणि जरा वेळाने जिन्यात सरांची चप्पल वाजली.

सर भिंतीला हात लावत उतरले. शेवटच्या पायरीवर थांबून पायाने जमीन चाचपली. हे ते रोजच करत असणार. बाईंनी आज पहिल्यांदा पाहिलं, आणि स्वतःचाही राग आला त्यांना.

"काय चाललंय? माझ्या फोनवरून गाडी गेली."

"माझ्या गाडीवरून फोन गेला," बाई म्हणाल्या.

"मला न विचारता?"

"हो. तुम्हाला न विचारता."

"सर, मी... बाई म्हणाल्या म्हणून..." क्लच पुटपुटला.

"कोण, क्लच? तू पण?"

"तो बोलला म्हणून ओळखलंत," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता. वरच्या गॅलऱ्यांत माणसं आली होती. येऊ देत. "आता माझ्याकडे बघा आणि सांगा. माझ्या हातात काय आहे?"

सर बघत राहिले. बाईंच्या हातात लालभडक बॅग होती, सकाळपासून तीच. सरांची नजर बॅगेवरून गेली, बाजूच्या खांबावर गेली, परत आली.

"हा काय पोरखेळ!" सर म्हणाले.

"सांगा ना. धुकं आहे का अजून? नऊनंतर विरणार होतं. अकरा वाजले!"

 क्लच खाली मान घालून वायर गुंडाळत बसला. गुंडाळलेली वायर त्याने सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"वर्षभर मला थेंबांच्या थापा मारल्या तुम्ही. मला! रोज तुमच्या समोर बसून जेवणाऱ्या बाईला! मी हाताला धरून नेलं असतं, रात्र रात्र वाचून दाखवलं असतं. पण ते नको. तुमचे डोळे गेले म्हणून माझे पाय बांधणार? ती माणसं सकाळी पाण्याच्या काठाशी बसून राहिली. आयुष्यभराची भीती गिळून आली होती हो ती. एक म्हातारी कपडे बदलायच्या खोलीतच बसून राहिली. तिनं काय वाकडं केलं होतं माझं, नि तुमचं?"

"काळजी वाटते म्हणून केलं," सर म्हणाले. आवाज एकदम बारीक.

"काळजी वाटते त्यानं विचारायचं असतं. अडवायचं नसतं. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. मी नेणार. आणि वाटेत आरसा, आरसा केलंत तर तिथेच उतरवीन."

क्लचने दोन्ही चाव्या पुढे केल्या. सरांनी हात पुढे केला, सवयीने, एक आपली म्हणून. बाईंनी दोन्ही घेतल्या, एक दोरीत ओवून गळ्यात घातली, दुसरी मुठीत धरली, आणि जिना चढायला लागल्या. गॅलऱ्यांतली माणसं पटापट आत गेली.

जेवणं झाली नाहीत त्या दिवशी. बाईंनी टेबलावर फोन ठेवला, शेजारी दुसरी चावी ठेवली, आणि एकेक नंबर लावायला घेतला. फोन स्पीकरवर टाकला, मुद्दाम. सर समोरच्या खुर्चीत बसून होते, त्यांना ऐकू जावं म्हणून.

पहिल्याने उचललाच नाही. दुसरा म्हणाला, बघतो, कळवतो. म्हणजे नाही. तिसरी एक बँकेतली बाई होती, ती म्हणाली, येईन, पण तुम्ही असाल ना नक्की? बाईंनी तिला तीन वेळा सांगितलं, मी असेन. चौथे ते बटणं लावत गेलेले काका. ते चिडले होते. "आमचा वेळ काय रस्त्यावर पडलाय?" म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं, चूक माझीच म्हणाल्या, माफी मागितली. सरांनी मान वर केली, खाली घातली.

मग सुनेने फोन उचलला आणि आजींच्या हातात दिला.

"आजी, मी पोहण्याची बाई बोलतेय. सकाळी माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

"तुमच्यामुळे नाही हो," आजी म्हणाल्या. आवाज गोड होता. "देवाचीच इच्छा नव्हती. माझा भाऊ गेला होता पाण्यात, लहानपणी. तेव्हापासून मी बादलीसुद्धा भरून ठेवत नाही. म्हटलं, मरायच्या आधी एकदा तरी उतरावं. आले तेवढं आले. आता नाही धीर होणार परत."

"आजी, मी स्वतः गाडीने न्यायला येते. गुरुवारी. नुसतं काठाशी बसू. पाय पण नका घालू पाण्यात."

"नको गं बाई. उगाच कशाला? सुखी राहा." आणि फोन बंद झाला.

 बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते मनगटाने रागारागाने पुसले.

"मी बोलू का त्यांच्याशी?" सर म्हणाले. "सांगतो, चूक माझी होती."

"नको. खूप बोललात तुम्ही माझ्या वतीने."

 सरांचा हात टेबलावरून सरकत पुढे आला, चाचपत, आणि चावीच्या अलीकडे थांबला. उचलली नाही त्यांनी.

"एक विचारू?" ते म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, सरांनी असं कधी विचारलं नव्हतं. "तू दुपारच्या वर्गाला चालत जातेस ना, क्लबात. तेव्हा मी खाली जातो. गाडीत बसतो जरा. सुरू नाही करत. शपथ. नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो. फोनने उघडायची ना. आता... दुपारची देशील का चावी?"

 हे बाईंना माहीत नव्हतं. गाडीचं दार कधी उघडलं नि कधी बंद झालं, ते कळायचं ते सरांनाच.

आज नको, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. सकाळपासून सोसलं होतं, आता अडवायची पाळी बाईंची होती. म्हटले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं.

त्यांनी चावी उचलली, सरांचा तळहात उलटा केला, त्यात ठेवली आणि बोटं मिटली.

"घ्या. जिन्यात कठडा धरा," त्या म्हणाल्या. "पण आज माझ्याशी बोलू नका. एक शब्द नाही."

सर उठले. दार हळूच लागलं. बाईंनी गळ्यातली दोरी सरळ केली, नाक पुसलं, आणि आजींच्या सुनेचा नंबर पुन्हा लावला.